रेशोचं अंतिम उत्तर

हेरवाडे सरांचा चेहरा मागावरून उतरला तेव्हा तो दुधी भोपळ्याइतका लांब होता. मी समाधानानं चहा मागवला.

इरय्यामामांनी कापड पुढ्यात धरलं. मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. मामांचा जन्म जेकार्डच्या, म्हणजे कापडात चित्रं विणणाऱ्या, मागावर गेलेला. त्यांनी देव विणले, पुढारी विणले, एकदा एका शेठजीच्या कुत्र्याचं वॉल हँगिंग विणून दिलं आणि त्या कुत्र्याचे डोळे इतके खरे आले की शेठजी रडले म्हणतात. पण असं काही त्यांनीही पाहिलं नव्हतं.

"पद्मा, हे माणूस हाय का घोडा?"

"सत्कारमूर्ती हायत, मामा."

"रेशो चुकलाय गं. फाईल परत काढून दे. संध्याकाळपर्यंत नवीन उतरवतो."

"चुकला नाही. असाच पायजे."

रेशो म्हणजे काय ते आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. कॉम्प्युटरवरचा चौकोन हा चौकोन असतो. कापडावर मात्र उभे धागे किती दाट आणि आडवे किती दाट, यावर सगळं अवलंबून. दोन्ही सारखे दाट सहसा नसतात. म्हणून डिझाइन काढताना सॉफ्टवेअरला आधी सांगावं लागतं की बाबा रे, माझं कापड असं असं आहे. ते सांगणं म्हणजे रेशो. तो चुकला की चौकोनाची वीट होते, गोलाचं अंडं होतं आणि माणसाचा हेरवाडे सर होतो.

कापडाच्या उजव्या कोपऱ्यात एक सोनेरी बिल्लाही विणला होता. त्यावर 'महागुरू' असं लिहिलेलं. मामांनी त्यावर बोट ठेवलं.

"हे बी अंडंच?"

"ते बी."

"हसालीस काय? तुझ्या नान्नाला माहीत हाय का हे?"

आमच्यात, तेलुगू विणकरांत, वडिलांना नान्ना म्हणतात. मी मान हलवून नाही म्हटलं. मामांनी कापडाची घडी घातली आणि चहा बशीत ओतला. सोलापूरच्या आख्ख्या पूर्व भागाला माहीत होतं की अंबादास म्याकलनं डिझाइन काढणं सोडलंय, आणि कुणामुळं सोडलंय. ज्याच्यामुळं सोडलं तो माणूस आत्ता मामांच्या मांडीवर घडी घालून पडला होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी 'धोटा' नावाच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीत होते. कापडाचं डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर. कंपनी पुण्यात, वापरणारे सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी. वापरणाऱ्यांना अडचण आली तर विचारायला कंपनीनं इंटरनेटवर एक जागा उघडली होती. तिचं नाव धोटा कट्टा. कट्टा म्हटलं की चार लोक बसतात, गप्पा मारतात, एकमेकांच्या नडीला धावतात. धोटा कट्ट्यावर एकच माणूस बसायचा. बाकीचे उभे.

तो माणूस म्हणजे जगदीश हेरवाडे, इचलकरंजी. कट्ट्यावरचं नाव 'जेकार्डसम्राट'. हे नाव त्यांना कुणी दिलं नव्हतं, त्यांनी घेतलं होतं. कंपनीनं त्यांना मॉडरेटर केलं, म्हणजे कट्ट्याच्या किल्ल्या दिल्या, आणि मग कंपनी पुण्यात दुसऱ्या कामाला लागली. कुणी नवीन माणूस यायचा, बिचकत विचारायचा, "सर, काठ फाटल्यासारखा का दिसतो?" सर लिहायचे, "आधी वाचा, मग विचारा." आणि त्या प्रश्नाला कुलूप लावायचे. कुलूप लागलं की खाली कुणाला काही लिहिता येत नसे. प्रश्नाशेजारी छोटंसं कुलपाचं चित्र यायचं. कट्टा उघडला की प्रश्न कमी आणि कुलपंच जास्त दिसायची. बँकेच्या लॉकरसारखं.

आणि सगळ्यात वर, टाचणी लावून अडकवलेला, सरांचा एक लेख. 'रेशो : अंतिम उत्तर'. त्यात एक आकडा होता. हा आकडा टाका, डोळे मिटा, असं लिहिलेलं. लेखालाही अर्थात कुलूप. तो आकडा सरांच्या स्वतःच्या मागांसाठी अगदी बरोबर होता. बाकी महाराष्ट्रासाठी चुकीचा. हे ज्यांनी ज्यांनी कट्ट्यावरच दुसऱ्या प्रश्नाखाली लिहायचा प्रयत्न केला त्यांना सरांनी कट्ट्यावरून काढून टाकलं. 'अंबादास_सोलापूर' त्यांतलाच एक.

मुलाखतीत निनादनं मला विचारलं होतं, "तुला कम्युनिटीतच काम का करायचंय?" निनाद म्हणजे कंपनीचा मालक, पण तिथं सगळे त्याला नुसतं निनाद म्हणायचे.

"मला कट्टा सुधारायचाय."

"वा! पॅशन दिसतेय तुझ्यात."

त्याला आमच्याकडं दुसरा शब्द आहे. पण पगार मिळणार होता, म्हणून मी मान डोलावली.

पहिल्या दिवशी मी कट्ट्यावर माझा फोटो टाकला. फोटोत मी चांगलीच सुटलेली दिसत होते, गाल तर पार कानापर्यंत. घाबरून आठवडाभर भात सोडला. म्याकलांच्या घरात भात सोडणं म्हणजे घर सोडण्यासारखं. आई म्हणाली, नोकरी सोड, पण भात खा.

त्यानंतर मी सुधारणांना हात घातला. सुडापायी 'नवीन सदस्यांचं स्वागत' असा विभाग जगात कुणी उघडला नसेल. मी उघडला, कारण सरांना नवीन माणूस दिसला की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. कट्ट्यावरून हाकललेल्या सगळ्यांना मी परत घेतलं. चांगल्या उत्तराला 'आभार' म्हणायचं एक बटण दिलं. आणि उत्तरं देणाऱ्यांना बिल्ले वाटले. पितळी, चांदीचा, सोन्याचा. सोन्याचा 'महागुरू' बिल्ला हेरवाडे सरांना. बोकडालाही आधी हार घालतात.

दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"म्याकल मॅडम, हे आभाराचं बटण कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्या, सर."

"काढून टाका."

"का, सर?"

"उत्तर दिलं, विषय संपला. मध्ये आभार कशाला? मी आजवर कुणाचे मानले नाहीत, मला कुणाचे नकोत."

"बघते, सर."

मी बटण थोडं मोठं केलं.

"बिल्ला मात्र ठीक आहे," सर म्हणाले. "जरा ठळक करता आला तर बघा."

घोटाळा असा झाला की कट्टा खरोखरच सुधारला. भिवंडीचा माणूस मालेगावच्या माणसाला धाग्याचा ताण समजावून सांगायला लागला. कुणीतरी चक्क विनोद केला. निनादनं मला एक आलेख पाठवला, त्यात एक रेघ गच्चीवर चढलेल्या माकडासारखी वर गेली होती. पुण्यात त्यांनी केक कापला. सूड इतका लोकोपयोगी असतो याची मला कल्पना नव्हती.

पण वरचा तो लेख तसाच. टाचणीही तशीच, कुलूपही तसंच. निनादला मी दोनदा म्हटलं, तो आकडा चुकीचा आहे. निनाद म्हणाला, "अगं, पण सर इतके सीनियर आहेत. लोकांना काही प्रॉब्लेम असता तर त्यांनी खाली लिहिलं नसतं का?"

खाली कुलूप होतं. मालकाला स्वतःच्या कट्ट्यावरचं कुलूप दिसत नव्हतं. मी ठरवलं, आता हे सगळ्यांच्या डोळ्यांना दिसेल असं करायचं. कापडावर.

"आपण वापरणाऱ्यांचा मेळावा घेऊ," मी निनादला म्हटलं. "सोलापुरात. सरांचा सत्कार करू. त्यांचाच चेहरा विणलेलं वॉल हँगिंग देऊ. त्यांच्याच पद्धतीनं विणलेलं."

"ब्रिलियंट!" निनाद म्हणाला.

सरांना आजवर कुणी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. ते कुठल्या प्रदर्शनाला येत नसत, व्हिडिओवर येत नसत. सत्काराचं नाव काढल्यावर मात्र तारीख विचारली.

"सर, विणायला तुमचा एक फोटो लागेल."

"कट्ट्यावर आहे तो घ्या."

"दुसरा एखादा, मोठा?"

"तोच अधिकृत आहे."

अधिकृत फोटोत सर भाकरीसारखे गोल होते. गोल चेहरा, चपटं नाक, बसकी हनुवटी. मी तो घेतला, फाईल केली आणि रेशोच्या जागी अंतिम उत्तरातला आकडा टाकला. एक टिंबसुद्धा इकडचं तिकडं केलं नाही. सूड घेताना माणसानं नियम पाळावेत. मग इरय्यामामांनी विणलं आणि भाकरीचा दुधी भोपळा झाला.

मेळाव्याच्या सकाळी नान्ना डबा भरून निघाले होते. ते तेव्हा एका कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालायला जायचे. ज्या माणसानं आयुष्यभर टॉवेलवरचे मोर काढले तो त्या मोरांना घडी घालून पिशवीत भरायचा. घरातला त्यांचा कॉम्प्युटर कोपऱ्यात, वर टॉवेल पांघरलेला. सोलापुरात टॉवेलला काय तोटा.

"नान्ना, चला की मेळाव्याला."

"मला काय काम तिथं?"

"गंमत हाय."

"गंमत झाली की माझी एकदा," नान्ना म्हणाले आणि चपला घालून गेले.

मंगल कार्यालयात लोक जमले. दर वाक्याला कुणीतरी "तुम्हीच का ते!" असं ओरडत होतं, कारण सगळ्यांनी एकमेकांना कट्ट्यावरच पाहिलेलं. आणि मला एक गोष्ट विचित्र वाटली. सगळी माणसं कट्ट्यावरच्यापेक्षा बारीक होती. मला वाटलं, धंदा मंदा आहे.

मग सरांची गाडी आली.

दार उघडलं. आधी एक कपाळ बाहेर आलं. ते बराच वेळ येत राहिलं. त्याच्या मागोमाग नाक, मग ओठ, मग थोडी विश्रांती आणि मग हनुवटी. हेरवाडे सर सरळ उभे राहिले. इतका लांब चेहरा मी आयुष्यात एकदाच पाहिला होता. परवा. मागावर.

"मामा," मी म्हटलं.

"बघालोय," इरय्यामामा म्हणाले. "हुबेहूब हाय बे."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कट्टा कुठलाही फोटो चौकोनात बसवायचा. उभा फोटो टाकला की त्याला वरून दाबून चौकोन करायचा. मी जाड नव्हते. लोक बारीक झाले नव्हते. सर गोल नव्हते. कट्ट्यानं आम्हा सगळ्यांना चेपून ठेवलं होतं. डिझायनरची मुलगी मी, लग्नाच्या मांडवातल्या रांगोळीचं अंडं झालं तरी मला जेवण जात नाही, आणि रोज डोळ्यांसमोरचा चेपलेला फोटो मला कळला नव्हता. कट्ट्यानं सरांना चेपलं, सरांच्या आकड्यानं त्यांना ताणलं. दोन चुका भेटल्या, त्यांनी एकमेकींना मिठी मारली आणि बरोबर उत्तर निघालं.

काही करायला वेळच उरला नव्हता. निनादनं दोरी ओढली, पडदा बाजूला झाला.

टाळ्या पडल्या. लोक उभे राहिले. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं जिथल्या तिथं. सर स्वतःच्या चेहऱ्यासमोर उभे होते आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटत होतं.

"सर," निनाद माइकवर म्हणाला, "हे तुमच्याच अंतिम उत्तरानं विणलंय. एक टिंबही न बदलता!"

सरांनी माइक घेतला.

"गेली काही वर्षं," ते म्हणाले, "माझ्या आकड्याबद्दल काही लोक कुजबुजत होते. मी त्यांना उत्तर दिलं नाही. आज कापडानं दिलं. अंतिम म्हणजे अंतिम."

पुन्हा टाळ्या. माझ्या शेजारी मालेगावचा एक पोरगेला डिझायनर, सादिक त्याचं नाव, कपाळावर हात मारून घेत होता.

"म्हणजे आपलेच माग खराब, मॅडम. मी उगाच आकडा बदलला. आजच घरी सांगतो, सगळा माल परत जुन्या आकड्यावर घ्या."

त्याच्या मागं दोघं माना डोलावत होते. एक जण फोन काढून कारखान्यात सांगायलाही लागला होता. मी घातलेल्या सुरुंगावर लोक सतरंजी अंथरून जेवायला बसले होते.

मी स्टेजवर गेले. निनादला वाटलं, मी हार घालायला आले. त्यानं माझ्या हातात हार दिला. मी तो हातातच ठेवला.

"सर, चेहरा फार छान आलाय."

"तुमचेही परिश्रम आहेत," सर म्हणाले.

"आता बिल्ला बघा."

"कोणता?"

"कोपऱ्यातला. मी कॉम्प्युटरवर तो गोल काढला होता. बांगडीसारखा."

सरांनी चष्मा लावला. एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगितली पाहिजे. माणूस कसाही असो, कारागीर अस्सल होता. ते वाकले. बिल्ल्यावर आडवी वीत ठेवली. मग उभी. मग परत आडवी, कारण मनाला पटेना. सभागृहात सगळे डिझायनरच. गोल म्हटल्यावर तिथलं अंडं प्रत्येकाला पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत दिसलं, आणि एकदा दिसलेलं अंडं आमच्या धंद्यात परत गोल होत नाही.

"अंडं झालंय," सर हळूच म्हणाले. माइक चालू होता.

"हो, सर."

"मग माझा चेहरा बरोबर कसा?"

"कट्ट्यावरचा तुमचा फोटो चेपलेला आहे. तिथं तुम्ही गोल दिसता. तुमच्या आकड्यानं ताणून सरळ केलं."

सरांनी सभागृहाकडं पाहिलं. "मी कट्ट्यावर गोल दिसतो?"

सगळ्या सभागृहानं मान हलवली.

पहिल्या रांगेतून सरांच्या बायकोचा आवाज आला. "मी म्हटलं होतं हो, फोटो तुमच्यासारखा नाही. तर म्हणालात, मॉडरेटर मी आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी हसले नाही. मी त्या दिवसासाठी नोकरी धरली होती.

"सर, अंबादास म्याकल आठवतात?"

"कोण?"

"तुम्हाला आठवणार नाही. माझे वडील. जन्मभर कागदावर डिझाइन काढली. म्हातारपणी माझ्याकडून माउस धरायला शिकले. त्यांचं कॉम्प्युटरवरचं पहिलं काम म्हणजे दुस्सा गुरुजी. गुरुजी वारले होते, त्यांच्या वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला चेहरा विणून हवा होता. पूर्व भागातली निम्मी माणसं गुरुजींच्या हातचा मार खाऊन मोठी झालेली. नान्नासुद्धा. त्यांनी तुमचं अंतिम उत्तर वाचलं. आधी वाचलं, सर. विचारलं नाही. आकडा टाकला. थेट विणलं आणि थेट श्राद्धाला नेलं."

सर माझ्याकडं बघत होते.

"सगळ्यांसमोर घडी उघडली. नातवंडं हसायला लागली. गुरुजींच्या बायकोनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, 'असे नव्हते हो ते.' बास. एवढंच म्हणाल्या. नान्ना घरी आले आणि त्यांनी कट्ट्यावर लिहिलं. माफ करा सर, माझंच काहीतरी चुकलं असेल, पण आकडा सगळ्या मागांना चालतो का? तुम्ही काय लिहिलंत ते सांगू?"

"नको," सर म्हणाले.

"'आधी वाचा, मग विचारा.' आणि हाकललंत. त्या दिवसापासून त्यांनी माउसला हात लावला नाही. त्यांना वाटतं, चूक त्यांचीच. तुम्ही अंतिम होतात ना."

सादिक उठला. "माझ्या मोराचा शहामृग झाला होता, सर."

"माझ्या बदामाची भेंडी झाली," भिवंडीचा एक जण म्हणाला.

"आमच्या हत्तीचा उंट झाला आणि गिऱ्हाईक म्हणालं, उंटच छान आहे, असेच द्या," मागून एक काका म्हणाले. "पण मला वाईट वाटलंच की."

सरांनी चष्मा काढला. "मग इतक्या वर्षांत कुणी बोललं का नाही?"

उत्तर इरय्यामामांनी दिलं. मामांचा कट्ट्याशी काही संबंध नव्हता, ते नाश्त्यासाठी आले होते.

"विषय बंद होता म्हणं, सर."

हार माझ्याकडंच राहिला होता. मी तो वॉल हँगिंगला घातला.

मेळावा तिथंच संपला. जेवण मात्र चांगलं होतं. निनादनं भाताच्या पंगतीतच मला सांगितलं, सगळी कुलपं काढ, फोटोचं ते चेपणं दुरुस्त कर, आणि तू हे आधी का नाही सांगितलंस? मी म्हटलं, दोनदा सांगितलं. त्यानं आणखी एक जिलबी घेतली.

कुलपं मी त्याच दुपारी काढली. एक सोडून. एक माझ्यापाशी राहू दिलं, कधीतरी लावायला, आणि रात्री घरी तसं सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नान्ना घरीच होते, कारखान्याला सुट्टी. इरय्यामामांनी त्यांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं होतं. मी कट्टा उघडला. सगळ्यात वर नवीन प्रश्न होता. विचारणाऱ्याचं नाव जेकार्डसम्राट. नवा फोटो, चांगला लांब.

'रेशो अचूक कसा काढावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.'

खाली कुणी काही लिहिलं नव्हतं. आख्खा कट्टा वाचत होता आणि आख्खा कट्टा वाट बघत होता. मी खुर्ची पुढं ओढली आणि या क्षणासाठी किती दिवस जपून ठेवलेलं ते टाइप केलं. 'आधी वाचा, मग विचारा.' पाठवायचं बटण दाबणार, तेवढ्यात मागून चहाचा वास आला.

"काय करालीस?"

"काही नाही, नान्ना."

त्यांनी वाकून वाचलं. आधी प्रश्न, मग माझं उत्तर. कपबशी टेबलावर ठेवली.

"खोड ते."

"नान्ना!"

"खोड. आणि सरक."

ते माझ्या खुर्चीमागून कोपऱ्यात गेले, आपल्या कॉम्प्युटरवरचा टॉवेल काढला, त्याच टॉवेलनं कीबोर्ड पुसला आणि बसले. 'अंबादास_सोलापूर' हे खातं मी पहिल्याच दिवशी परत चालू केलं होतं, त्यांनी कधी उघडलं नव्हतं. आता उघडलं. एका बोटानं ते लिहायला लागले. माझा चहा संपला, त्यांचा थंड झाला.

'आदरणीय हेरवाडे सर, सप्रेम नमस्कार. प्रत्येक मागाचा रेशो वेगळा असतो. आधी कॉम्प्युटरवर एक चौकोन काढावा, तो त्याच मागावर, त्याच धाग्यात विणून घ्यावा. उतरला की उभी आणि आडवी बाजू मोजावी. जो फरक येईल तो सॉफ्टवेअरला सांगावा आणि परत विणून बघावा. धागा बदलला की पुन्हा पहिल्यापासून. चौकोन सरळ आल्याशिवाय कुणाचा चेहरा विणू नये. मी विणला होता. आपला, अंबादास म्याकल.'

पाठवून ते मागं टेकले. मला वाचून रडू येण्याऐवजी राग आला.

"एवढं चांगलं उत्तर कशाला दिलंत त्याला? आदरणीय काय, सप्रेम काय!"

नान्नांनी थंड चहा एका घोटात संपवला. ओठ पुसले. गेल्या कित्येक वर्षांत न पाहिलेलं काहीतरी त्यांच्या मिशीखाली हललं.

"तुझ्याजवळ एक कुलूप हाय म्हणालीस नव्हं?"

"हाय."

"लाव."

मी लावलं. नान्नांच्या नावाखाली छोटंसं कुलूप उमटलं. आता त्या उत्तराच्या खाली कुणालाच काही लिहिता येणार नव्हतं. हो म्हणता येणार नव्हतं, नाही म्हणता येणार नव्हतं.

थोड्याच वेळात माझा फोन वाजला.

"म्याकल मॅडम, हेरवाडे बोलतोय. ते उत्तर वाचलं. फारच… ते आभाराचं बटण आहे ना, ते दाबलं जात नाहीये."

"विषय बंद आहे, सर."

पलीकडं माउस आणखी दोनदा टिकटिकला.

"मग मी आभार मानायचे कुठं?"

मी फोनवर हात ठेवला आणि वळून पाहिलं. "नान्ना, ते विचारतायत, आभार कुठं मानू?"

नान्नांनी मान वर केली नाही. त्यांनी दुस्सा गुरुजींचा जुना फोटो उघडला होता, आणि चेहऱ्याला हात लावायच्या आधी कोपऱ्यात एक चौकोन काढत होते.